पत्तीचं घर

श्रावण उतरणीला लागला की सांगलीत आमच्या बँडच्या मास्तरांच्या घरी क्लॅरोनेटची पेटी कपाटावरून खाली येते. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, लग्नं थांबतात, वराती थांबतात आणि बँडवाल्याच्या हाताला काम उरत नाही ते थेट गणपतीपर्यंत. गणपतीआधी पंधरा दिवस तालीम हवी, म्हणून पेटी उघडायची. तीन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी मी समोर बसलो होतो. मास्तरांनी कड्या काढल्या, झाकण वर केलं आणि ओल्या गोणपाटाचा वास खोलीभर झाला. माउथपीसवर एक पत्ती तशीच आवळलेली राहून गेली होती. जूनमधल्या शेवटच्या वरातीनंतर रात्री उशिरा घाईत पेटी मिटली असणार. मास्तरांनी पट्ट्याचे दोन स्क्रू सैल केले, पत्ती अलगद सोडवली आणि खिडकीशी उजेडात धरली. सोनेरी सालीवर करडे ठिपके, पातळ टोकाला हिरवट झाक आणि टोकाची कड लाटेसारखी वरखाली झालेली.

"गेली," मास्तर म्हणाले. "लई चांगली बोलत होती."

दुकानात तिला रीड म्हणतात. बँडमध्ये ती पत्ती. पत्ती बोलते, पत्ती रुसते, पत्ती बसते, पत्ती मरते. चार महिने सांभाळलेली पत्ती मेली की वाजवणारा दोन दिवस गप्प असतो, हे मी पाहिलेलं आहे. त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीच्या मागे लागलो: पत्तीला ठेवायचं कशात?

मराठीत चष्म्याच्या डबीला आपण चष्म्याचं घर म्हणतो. तंबोऱ्याला गवसणी असते, तलवारीला म्यान असतं. पत्तीच्या डबीला आमच्याकडे वेगळा शब्द नाही, कारण ती वस्तूच फारशी कुणाकडे नाही. मी तिला पत्तीचं घर म्हणतो.

आधी पत्ती नीट पाहू. लांबी साधारण ६८ मिलिमीटर, रुंदी टोकाशी १३ मिलिमीटरच्या आसपास, बुडाशी जाडी तीन मिलिमीटर आणि टोकाशी मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. उजेडात धरली तर टोक दुधी काचेसारखं दिसतं आणि मध्ये गडद कणा कमानीसारखा वर चढत जाऊन विरतो. ही वेताची वाटते, पण वेताची नव्हे. 'अरुंडो डोनॅक्स' नावाचं उंच नळासारखं गवत असतं. फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राकाठच्या व्हार प्रांतात ते यासाठी मुद्दाम लावतात. दोन वर्षांचं झालं की हिवाळ्यात कापतात, उन्हात वाळवून पिवळं धमक होऊ देतात, मग नळीचे तुकडे करून, चिरून, तासून पत्ती होते. १९०५ साली सुरू झालेली पॅरिसची व्हँडोरेन ही कंपनी आजही याच प्रांतातलं गवत वापरते. आमच्याकडचे पुष्कळसे क्लॅरोनेट मेरठच्या जली कोठी भागात बनलेले, पण त्यांच्या तोंडाशी बसणारी चांगली पत्ती समुद्रापलीकडून येते. दहाच्या खोक्यातल्या तीन-चारच मनाजोग्या निघतात. रोजाने वाजवणाऱ्या माणसाला खोका परवडत नाही. तो एकेक सुटी पत्ती घेतो, आणि म्हणूनच ती जपण्याची गरज सर्वांत जास्त त्यालाच असते.

पत्तीची पाठ सपाट असते. ती माउथपीसच्या सपाट मेजावर चिकटून बसायला हवी, एवढंच तिचं निम्मं काम. पाठ जराशी जरी फुगली किंवा पिळली तरी फटीतून हवा गळते, सूर जड लागतो, नाहीतर मध्येच चिरका आवाज निघतो. याची एक सोपी परीक्षा आहे. पत्ती बांधलेल्या माउथपीसचं खालचं भोक तळहाताने दाबायचं, वरून हवा ओढून घ्यायची आणि तोंडातून काढायचं. पत्ती चांगली बसली असेल तर क्षणभर मिटलेली राहते आणि मग 'टप्' करून सुटते. वाकडी पत्ती मिटतच नाही.

ती वाकडी का होते? पत्ती वाजवण्याआधी तोंडात भिजवावी लागते. पाणी शिरतं ते तासलेल्या, उघड्या भागात. बुडाच्या सालीतून ते फारसं शिरत नाही. म्हणजे एकाच तुकड्याचा एक भाग फुगतो, दुसरा तसाच राहतो. वाजवून झाल्यावर उलटा खेळ सुरू होतो. पातळ टोक चार मिनिटांत सुकतं, जाड पोट तासभर ओलं असतं. सुकण्याची ही विषमता जितकी जास्त तितकी पत्ती जास्त पिळते. पत्तीच्या घराचं काम हेच: तिला सपाट धरून, सावकाश, सगळीकडून सारखं सुकू द्यायचं. पुरतं कोरडंठाक मात्र होऊ द्यायचं नाही.

आणि इथेच सातारा आणि सांगली यांचा प्रश्न येतो.

माझी नोकरी साताऱ्याला, घर सांगलीला. वर्षानुवर्षं शनिवारी दुपारी एसटीने कराड, पेठनाका, आष्टा करत सांगली, आणि सोमवारी पहाटे परत. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण हवा दोन वेगवेगळ्या मुलखांची. साताऱ्याला पश्चिमेकडे यवतेश्वरचा डोंगर, त्यामागे कास आणि सह्याद्रीची मुख्य रांग. जुलैत ढग पोवई नाक्यावर उतरून येतात, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणदेशातल्या दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. सांगली पर्जन्यछायेत. तिकडे एप्रिलच्या दुपारी वारा असा सुटतो की जिन्यावर वाळत घातलेला रुमाल वर जाऊन येईपर्यंत कडक होतो. शनिवारी सकाळी साताऱ्यात गोड बोलणारी पत्ती रविवारी सांगलीत तोंडाला लावली की खरखरीत, हट्टी, वरच्या सुरांना चिरकणारी. मला आधी वाटायचं, माझ्याच ओठांना काही झालं आहे.

पहिल्यांदा मी दुकानातून पत्ती येते त्या प्लॅस्टिकच्या म्यानातच ती परत ठेवायचो. हे म्यान वाईट नाही. तळाला बारीक उभे कंगोरे असतात, त्यामुळे पाठीखालूनही हवा खेळते. पण पत्ती आत सरकवताना टोक कडेला घासतं, आणि मिलिमीटरचा दहावा भाग जाडीचं टोक एकदा घासलं की पुरे. शिवाय आठ म्यानं खिशात खुळखुळत राहतात, कुठली पत्ती कितीदा वाजवली याचा हिशेब राहत नाही.

मग मी एक भारी पेटी मागवली. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, पेटी तिच्या जागी उत्तमच असेल. झाकणाला रबरी कडं, आत ओलावा राखणारी कागदी पुडी, बाहेर सुबक चामडं. जुलै होता. साताऱ्याच्या खोलीत सहा पत्त्या वाजवून, पुसून, मी त्या आत ठेवल्या आणि झाकण दाबलं. मध्ये आजारपण आलं, नऊ दिवसांनी उघडली. चार पत्त्यांवर बुरशी. मी पलंगाच्या कडेला बसून कितीतरी वेळ त्या पेटीकडे बघत होतो.

चूक पेटीची नव्हती, निवडीची होती. थंड देशांत हिवाळाभर घरं तापवलेली असतात, तापवलेल्या घरातली हवा फार कोरडी होते आणि तिथल्या वादकाचं सगळं दुखणं कोरडेपणाचं असतं. त्याला हवाबंद पेटी वरदान आहे. आमच्या जुलैत तीच पेटी म्हणजे ओल्या पत्त्यांची कोंडी. पुडीही मर्यादेतच पाणी पिऊ शकते. सहा भिजलेल्या पत्त्या एकदम तिच्या गळ्यात घातल्यावर ती काय करणार?

बुरशीचा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत २०१३ साली डॉक्टरांनी एका क्लॅरोनेटवादकाची हकिगत मांडली होती. तो वर्षभर खोकत होता, औषधं लागू पडत नव्हती. त्याने ३० वर्षांत आपलं वाद्य स्वच्छ केलं नव्हतं, आणि पत्तीवर बुरशी सापडली. वाद्य निर्जंतुक केल्यावर त्याला आराम पडला. आमच्या बँडमधली किती माणसं 'धुळीचा खोकला' म्हणून पावसाळाभर खोकतात! दर वेळी कारण पत्तीच असेल असं नाही. पण बुरशी दिसली की पत्ती टाकायची, चाटून-पुसून पुन्हा लावायची नाही, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो.

पेटी घेऊन मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी ती हातात घेतली, रबरी कड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आरं, पत्ती म्हंजे काय चपाती हाय व्हय, गरम गरम डब्यात झाकून ठिवायला?"

"मग तुम्ही कशात ठेवता, मास्तर?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं. जुनं, पत्र्याचं, वरून काळं रेक्झिन, आत झिजलेली लाल मखमल. मखमलीवर पाच पत्त्या ओळीने, वर सुती रुमालाची घडी. चष्मा मात्र मास्तर उघडाच खिशात ठेवायचे, म्हणून त्याच्या काचा चरे पडून धुरकट झालेल्या. या घराचं झाकण घट्ट बसत नाही, बिजागरीपाशी फट आहे. त्या फटीनेच पत्त्या वाचत होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं तेव्हा मास्तरांच्या खोलीत छातीभर पाणी होतं. क्लॅरोनेटची पेटी भिजली, चाव्यांच्या गाद्या सगळ्या कुजल्या. अंगावरच्या सदऱ्याच्या खिशातलं चष्म्याचं घर तेवढं त्यांच्याबरोबर बाहेर पडलं. त्या घरावर त्यांचा जीव का आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पण मखमल मऊ असते. मऊ बिछान्यावर पत्तीला सपाट राहण्याची सक्ती नसते, ती हवी तशी वळते. मास्तरांच्या पाचांतल्या दोन पत्त्या मी काचेवर ठेवून बोटाने दाबल्या तर डुलल्या. त्या ते पाठीवर बारीक कागद मारून सरळ करत. प्रत्येक घासणीत पत्तीचं थोडं आयुष्य जातं.

सनईवाल्याची गोष्ट निराळी. त्याच्या सनईच्या गळ्याशी दोऱ्यांनी जादा पत्त्या लोंबत असतात, शेजारी त्या साफ करायची सुई. सगळं उघड्यावर, वाऱ्यावर. पण सनईची पत्ती दुहेरी, बांधून गोल केलेली. तिला मेजावर चिकटून बसायचं नसतं, म्हणून तिला काचेची गरज नाही, वारा पुरतो. मी एका देवळातल्या सनईवाल्याला विचारलं, डबी का नाही ठेवत? त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी तुळशीला कुलूप लावायला सांगतोय.

मिरजेत गेलो तेव्हा आणखी थोडं उमगलं. मिरासाहेब दर्ग्याच्या परिसरात सतार-तंबोरे करणाऱ्यांची दुकानं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून हा धंदा इथे रुजला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. दुकानाच्या आड्याला ते टांगलेले होते, एकाला एक न टेकता. तुणाच्या लाकडाच्या फळ्या सावलीला, मध्ये चिपा देऊन रचलेल्या. कारागिराने मला एकच गोष्ट दाखवली: चिप. फळीवर फळी ठेवली की खालची बाजू गुदमरते, वरची सुकते आणि फळी होडीसारखी होते. चिप दिली की वारा दोन्ही अंगांनी फिरतो. मी माझी पत्ती खिशातून काढली, तिच्या सपाट पाठीकडे पाहिलं. काचेवर ठेवलेल्या पत्तीचंही हेच होणार, वरून सुकेल, खालून गुदमरेल. म्हणजे नुसती काच पुरेशी नाही. पत्ती काचेवर ठेवण्याआधी तिला कडेवर उभी धरून पाठीलाही वारा द्यायला हवा.

मग मी स्वतःच घर बांधायला घेतलं.

मुलीची जुनी कंपासपेटी घेतली, पत्र्याची. आतली रुंदी आठ सेंटिमीटर, लांबी एकोणीस. पत्ती आडवी ठेवली तर तिची ६८ मिलिमीटर लांबी रुंदीत बसते आणि दोन्हीकडे पाच-सहा मिलिमीटर मोकळे राहतात. हे मोकळेपण फार महत्त्वाचं, कारण पत्तीचं टोक कशालाच टेकता कामा नये. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या फोटोफ्रेमवाल्याकडून चार मिलिमीटरच्या काचेचा तुकडा कापून घेतला, साडेसात बाय अठरा. त्याने हिऱ्याची लेखणी पट्टीला लावून एकदाच ओढली, काचेखाली काडी ठेवून दोन्हीकडे दाबलं आणि 'टक्'. कडा सुरीसारख्या होत्या. घरी आल्यावर पाण्यात भिजवलेल्या पॉलिशकागदाने त्या घासल्या. पाणी पांढरं होत गेलं आणि तासाभराने कड बोटावरून फिरवली तरी लागेना. काच पेटीच्या तळाला थेट न ठेवता चार कोपऱ्यांवर खोडरबराचे तुकडे चिकटवले, म्हणजे खालून हवा राहते आणि पेटी पडली तरी काच पत्र्यावर आपटत नाही.

पत्त्या धरायला आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणली. दुसऱ्याच दिवशी सालीवर काळे डाग. ती काढून परकराचं पांढरं, अर्ध्या इंचाचं इलॅस्टिक आणलं, काचेभोवती गुंडाळून खालच्या बाजूला शिवलं. पट्टी पत्तीच्या बुडाशी, सालीवर यायला हवी. टोकाच्या दिशेने सरकली तर नेमका नाजूक भाग दबतो. इलॅस्टिक ठिकठिकाणी काचेशी चिकटवलं, आठ कप्पे झाले. काचेच्या खालच्या अंगाला कागदाची पट्टी चिकटवून १ ते ८ आकडे लिहिले, काचेतून वर दिसतात. पत्तीच्या सालीवरही पेन्सिलीने तोच आकडा. शाई नको, ती ओठाला लागते.

आठ का? एकच पत्ती रोज वाजवली तर तिला नीट सुकायला वेळ मिळत नाही, तिचे तंतू लवकर थकतात. चार-पाच आळीपाळीने वाजवल्या की प्रत्येक पत्ती दुप्पट टिकते, असा माझा अनुभव. उरलेले कप्पे नव्या पत्त्यांना. नव्या पत्तीला पहिल्या दिवशी दहा मिनिटं, दुसऱ्या दिवशी पंधरा. वरातीला तर ती लगेच जुंपायचीच नाही.

उरला ओलाव्याचा प्रश्न. बाजारातल्या पुड्यांवर आकडे असतात, ५८, ७३, ८४, म्हणजे त्या आतली हवा तेवढे टक्के दमट राखू पाहतात. त्या चांगल्या असतात, पण संपतात आणि पुन्हा मागवाव्या लागतात. स्वयंपाकघरात मात्र याचं जुनं उत्तर आहे. साधं मीठ पाण्याचे थेंब घालून ओल्या वाळूसारखं केलं आणि बंद जागेत ठेवलं तर तिथली हवा ७५ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. हवा कोरडी असेल तर मीठ पाणी सोडतं, जास्त दमट असेल तर ओढून घेतं. मीठ आणि पाणी दोन्ही शिल्लक आहेत तोवर हा तोल राहतो. मी आधी माझं छोटं आर्द्रतामापक तपासलं, मिठाच्या वाटीसोबत पिशवीत रात्रभर बंद करून. सकाळी ६९ दाखवत होतं. तेव्हापासून त्याच्या आकड्यात मी सहा मिळवतो.

पहिल्या प्रयत्नात मीठ उघड्या बुचात ठेवलं होतं. दोन आठवड्यांत ते बुचाच्या कडेवरून सरपटत बाहेर आलं, पांढरी भुकटी पत्र्यावर पसरली आणि कंपासपेटीचा कोपरा गंजला. आता फोटोच्या रोलची जुनी प्लॅस्टिकची डबी वापरतो. तीत निम्म्यापर्यंत मीठ, झाकणाला एक भोक, भोकाखाली धोतराच्या कापडाची चकती. डबी पेटीच्या आत मावत नाही, म्हणून सांगलीच्या उन्हाळ्यात कंपासपेटी आणि ती डबी दोन्ही एका घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवतो, कंपासपेटीचं झाकण जरा उघडं. मार्च ते मे यात पत्त्यांची टोकं लाटांसारखी होणं जवळजवळ थांबलं. दर रविवारची ती खरखरही.

साताऱ्याच्या पावसाळ्यात हा मीठवाला डबा मी उचलून ठेवतो. ७५ टक्के म्हणजे बुरशीच्या उंबरठ्यावरच आणि त्यात वरून ओल्या पत्त्या. जून ते सप्टेंबर कंपासपेटी एकटीच. झाकणाला खिळ्याने बारा भोकं पाडली आहेत, कडा आतून कानसीने मारल्या आहेत. ती टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सवर ठेवतो, तिथे कायम किंचित ऊब असते. ऊब असली की तीच हवा आतल्या आत कोरडी होते. पूर्वी लोक याच कारणाने काड्यापेटी चुलीजवळच्या फडताळात ठेवत. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्याही करून पाहिल्या, पण त्या पत्तीला पार कोरडी करतात. एक पत्ती मधोमध तडकली. त्या पुड्या मी फक्त एका कामाला ठेवल्या आहेत, चातुर्मासाच्या सुट्टीला. दोन महिने पत्ती वाजणारच नसेल तर ती आधी चार दिवस सावलीत सुकवायची, एकेका कागदी पाकिटात घालायची आणि पाकिटं सिलिकाच्या पुडीसह डब्यात. गणपतीआधी बाहेर काढून एक दिवस नुसती हवेवर, मग कोमट पाण्यात मिनिटभर, आणि मगच तोंडाला.

रोजचा शिरस्ता छोटा आहे पण चुकवायचा नाही. वाजवून झालं की पट्टा सैल करायचा, पत्ती काढायची. डाव्या तळहातावर धरून उजव्या अंगठ्याने बुडापासून टोकाकडे पुसायची, टोकाकडून बुडाकडे कधीच नाही, तंतू उचलतात. पाठही पुसायची. दहा मिनिटं कडेवर उभी. मग काचेवर, पट्टीखाली, आपल्या आकड्यावर. वरातीच्या रात्री दीड वाजता, घामाने गणवेश अंगाला चिकटलेला असताना हे करणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे. पण त्या दहा मिनिटांत माणूस तसाही चहा पीत बसलेलाच असतो.

कुणी विचारतं, प्लॅस्टिकची पत्ती का नाही घेत? मिळते, चांगलीही मिळते. कॅनडाच्या लेझेर कंपनीची आहे. तिला ओल नाही, बुरशी नाही, घर नाही. भर उन्हात चालत वाजवायला ती सोयीची आहे आणि ज्याला परवडेल त्याने एक जरूर बाळगावी. माझ्या कानाला मात्र मंद्रातला तो ओलसर, दाणेदार सूर गवताच्या पत्तीतूनच ऐकू येतो. कर्नाटकातल्या रायचूरचे पंडित नरसिंहलू वडवाटी यांनी या वाद्यावर अख्खा ख्याल मांडला. त्यांच्या आलापीत सूर सुटताना शेवटचा श्वास ऐकू येतो, तेव्हा ही खटपट मला जड वाटत नाही.

गेल्या वर्षी मी दुसरी कंपासपेटी तयार केली, मास्तरांसाठी. भोकं पाडलेलं झाकण, काच, इलॅस्टिक, आठ आकडे. त्यांनी उलटीपालटी करून पाहिली. काचेवर नख फिरवलं. "काच कुणाची?" म्हणाले. "फोटोची," मी म्हटलं. बाजूला ठेवून दिली. मी फार आग्रह केला नाही.

मिरजेच्या विसर्जनाची रात्र लांबते. रस्त्यावर मोठमोठ्या स्वागतकमानी, त्यांच्याखालून मंडळं सरकत राहतात आणि बँडवाल्याला मध्येच तासभर थांबावं लागतं. त्या वर्षी पहाटे तीनच्या सुमाराला आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. मास्तरांनी पट्टा सैल केला, पत्ती काढली, अंगठ्याने बुडाकडून टोकाकडे पुसली. मग चहाचा पेला एका हातात आणि पत्ती दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत कडेवर उभी धरून ते बोलत राहिले, तीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा वरातीबद्दल. चहा संपला. त्यांनी झोळीतून कंपासपेटी काढली, पत्ती तीनच्या आकड्यावर पट्टीखाली सरकवली, टोक कुठे टेकत नाही ना हे वाकून पाहिलं. नीट दिसेना. मग चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा पाहिलं.

झाकण लावून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून ते काळं रेक्झिनचं घर काढलं. आत पत्ती एकही नव्हती. डोळ्यांवरचा चष्मा काढून, काचा सदऱ्याच्या टोकाला पुसून, त्यांनी तो मखमलीवर ठेवला आणि घर मिटलं.